पिवळ्या कापडावरचा लाल पंजा

कबनूरच्या त्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या आवारात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. नोकरी एकच, बॉयलर चालवायची. उमेदवार चाळीस आणि बघे दोनशे. मालक चन्नवीरअण्णा हात जोडून उभे, कारण त्यांच्या खुर्चीत केरबा महाराज बसले होते.

"कागद माणूस लिवतो, तळहात देव लिवतो!" महाराज गरजले. बॉयलरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आवाज मात्र भोंग्याच्या तोडीचा.

प्रकार असा, की चेल्याने दिलेल्या पुडीतलं पांढरं भस्म तळहाताला चोळायचं, हात तीर्थात बुडवायचा आणि पिवळ्याधमक कापडावर दाबायचा. पंजा लाल उमटला, की देवाने निवडलं!

मी आयटीआयमध्ये बॉयलर शिकवतो. माझी विद्यार्थिनी स्वप्नाली सरकारी प्रमाणपत्र घेऊन आली होती, म्हणून मीही सोबत होतो. ती महाराजांच्या पाया पडली नाही. उलट तिने अण्णांना विचारलं, "सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचा कधी तपासलाय?" चेल्याने तिच्याकडे रोखून बघितलं आणि खांद्यावरच्या दोन झोळ्यांपैकी उजव्या झोळीतली पुडी दिली. कापडावर नुसता ओला डाग पडला. तिने उरलेली पुडी फायलीत कोंबली.

तिच्या मागे आदर्श. वीस वर्षांचा, मागावर सुताच्या कांड्या भरणारा. त्याने लोटांगण घातलं. या खेपेला चेल्याचा हात डाव्या झोळीत गेला. पंजा लालभडक उमटला! जयजयकार झाला, त्याची आई चिमणाबाई आनंदाने रडली.

"अण्णा, बॉयलरला शिकलेला माणूस लागतो, कायदाच आहे तसा," मी म्हणालो.

"सर, देवानं निवडलाय. बाकीचं शिकंल की हळूहळू."

मी दोन झोळ्या पाहिल्या होत्या. तरी गर्दीला भिऊन गप्प घरी गेलो. याची मला आजही लाज वाटते.

अठराव्या दिवशी बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेना. शिकलेला माणूस अशा वेळी पहिल्यांदा आग बंद करतो. आदर्शने घाबरून पाण्याचा पंप सुरू केला. आत तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं आणि बॉयलर फुटला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. डॉक्टरांना बोटं वाचवता आली नाहीत.

पंधरा दिवसांनी भाड्याचा बॉयलर आला, नवी निवड ठरली, आणि महाराज पुन्हा त्याच खुर्चीत! स्वप्नाली पुन्हा उमेदवार होती, मी तिच्या सोबत. "पोरानं नेम मोडला, देव कोपला!"

चिमणाबाई पुढे आली. आदर्शच्या उशाखाली जपून ठेवलेली, त्या दिवशीची उरलेली पुडी तिने माझ्या हातात दिली. "सर, देवानं दिलेलं हे. ह्यात काय खोट हाय का बघा."

स्वप्नालीने फायलीतली आपली पुडी काढली. महाराजांचंच पिवळं कापड पसरलं, पाणी शिंपडलं, दोन्ही पुड्या शेजारी शेजारी ओतल्या. तिची तशीच पांढरी राहिली. आदर्शच्या पुडीखाली कापड लाल झालं.

"कापड हळदीत रंगवलंय," ती म्हणाली. "माझ्या पुडीत तांदळाचं पीठ हाय, ह्याच्या पुडीत चुना. हळदीला चुना लागला की लाल रंग येतो. लोटांगण घालील त्याला चुना, प्रश्न विचारील त्याला पीठ!"

चेला पळाला. महाराजांना लोकांनी फाटकात अडवलं आणि पोलीस येईपर्यंत सोडलं नाही. अण्णा खाली बसले. "मला काय म्हाईत?" एवढंच पुटपुटत राहिले.

म्हाईत करून घ्यायला काय लागत होतं? बॉयलरसमोर उभं करून दोन प्रश्न, आणि प्रमाणपत्रावर एक नजर. लोकहो, ज्या कामात माणसाचा जीव जातो, त्या कामाला माणूस निवडताना त्याला ते काम येतं का एवढं तरी बघा.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मी आदर्शला सगळं सांगितलं. त्याने बँडेजमधले हात छातीवर घेतले.

"सर, मला बॉयलरचं कायबी येत नव्हतं," तो म्हणाला. "विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं की. कुणी विचारलंच न्हाय."