मेंढरांचे फोटो कोणत्या योजनेत?

रविवार उजाडला की शिवकन्याच्या पायांना घर पुरत नसे. भाकरी तव्यावर आणि डोळे खिडकीबाहेर. मेंढरंवाल्या दगडाबाईचा कळप नेकनूरच्या माळावर कुठवर सरकला असेल? ऊन चढलं की मेंढरांच्या पाठीवरचे रंग फिके दिसतात.

"आज कशाचा सर्व्हे?" नवऱ्यानं, रामकिसननं, बशीत चहा ओतत विचारलं.

"जनावरांचा," म्हणत तिनं भावानं दिलेला जुना कॅमेरा पिशवीत टाकला.

अंगणवाडी सेविकेला एवढा एक फायदा. सर्व्हे म्हटलं की घर अडवत नाही. दोन वर्षं ती याच एका शब्दावर बाहेर पडत होती. माळावर कुणी विचारलंच, तर फोटो सरकारी योजनेसाठी, असं सांगून मोकळी व्हायची. खरं कारण इतकंच, की प्रत्येक मेंढपाळाची रंगाची खूण वेगळी. कुणाचा पाठीवर लाल पट्टा, कुणाचा मानेवर हिरवा ठिपका. ते टिपताना तिला बरं वाटायचं. पण बरं वाटतं हे बाईमाणसानं घरात सांगायचं कारण थोडंच असतं?

माळावर पोचली तर कळप दुप्पट झालेला. निम्म्या मेंढरांच्या पाठीवर ओला निळा रंग आणि त्याखालून जुना लाल डोकावतोय. दगडाबाईचा नवरा धुळाजी छाती काढून उभा होता. योजनेत आकडा मोठा दिसावा म्हणून त्यानं सकाळीच मेव्हण्याची मेंढरं हाकून आणून रंगवली होती. यादी कधी लागतीय, तेवढं सांगा, म्हणाला.

शिवकन्याचं दोन वर्षांचं खोटं चाळीस पाठींवर ओलं चमकत होतं. खरं बोलावं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार आणि कॅमेरा कपाटात जाणार. 'अर्ज वर गेलाय' म्हणणं किती सोपं होतं!

"योजना न्हाई, मामा. कायबी न्हाई. मला आवडतं म्हून काढते."

धुळाजीनं कपाळाला हात लावला. दगडाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग तिनं आपली एक मेंढी जवळ ओढली. खुणेला एक पट्टा पुरतो, पण हिच्या पट्ट्याच्या कडेनं बोटानं दिलेले सात ठिपके होते.

"हे मी कावून काढते, बाई? न्हाई काढले तर मेंढरू हरवतं का? लोकर वाढती का? मला बी आवडतंच की. पर मी लपवत न्हाई. तुमी लपवलं, म्हून ह्यो बाबा मेव्हण्याचा कळप रंगवून बसला."

दुपारपर्यंत तिघांनी मेंढरं धुतली. शिवकन्या कोपरापर्यंत निळी होऊन घरी आली. दारातच, हात धुवायच्या आधी, तिनं रामकिसनला सगळं सांगून टाकलं.

"मग दोन वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुमी उपयोग विचारला असता."

"विचारला असता," त्यानं कबूल केलं. बराच वेळ तो कॅमेऱ्यातले फोटो पुढे सरकवत राहिला. सात ठिपक्यांवर थांबला. "ह्या ठिपक्यांचा काय उप…" एवढं बोलला, आणि स्वतःच हसला.

बंधुभगिनींनो, आपल्याही घरात कुणीतरी सर्व्हेचं नाव सांगून आपला आनंद गुपचूप करत असेल. उपयोग विचारून विचारून आपणच त्याला खोटं बोलायला शिकवतो. आवडतं, एवढं कारण पुरेसं असतं. ते मोठ्यानं सांगावं आणि ऐकणाऱ्यानं ते मानावं.

पुढच्या रविवारी शेजारच्या मंगलकाकूंनी विचारलं, बाई कुठं गेल्या?

"मेंढरांचे फोटो काढायला," रामकिसन तव्यावरची भाकरी उलटत म्हणाला. "न्हाई, योजना न्हाई. आवडतं तिला."

भाकरी जरा करपलीच होती.