कप्तानाची लेक

आमच्या गावात फिरायला येणाऱ्या माणसाला एका तिकिटात दोन गोष्टी मिळतात. आधी कप्तानाचं घर, मग बंदराची फेरी. घर मी दाखवतो, बंदर कर्ण्या दाखवतो. कर्ण्या माझा बालमित्र. बोट चालवता चालवता कर्ण्यातून माहिती सांगतो, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव आता त्याच्या बायकोच्या तरी लक्षात आहे की नाही, शंकाच आहे. दिवसातून चार खेपा. माझं घर पाऊण तासात उरकायचं, मग लोकांना बेचाळीस पायऱ्या उतरवून धक्क्यावर पाठवायचं. बोट सुटायला पाच मिनिटं उरली की खालून भोंगा वाजतो.

अठरा वर्षं मी हे करतोय. लोक काय विचारणार हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. हे खरं आहे का, ते खरं आहे का. दुर्बीण खरी आहे. भिंतीवरचं घड्याळ खरं आहे, जहाजावरून उतरवलेलं आहे, अठरा वर्षांत एकदाही चाललेलं नाही. पलंग मागाहून कुठूनतरी आणून टाकलेला आहे, पण तोही मी खराच सांगतो, कारण कप्तान कशावर झोपायचा हे बघितल्याशिवाय लोक हलत नाहीत. बोलण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. समोर माणसं हसली की मला आणखी चेव येतो. हा माझा जुना रोग आहे, आणि त्याची शिक्षाही मला मिळालेली आहे.

सगळ्यात जास्त गर्दी होते ती स्वयंपाकघराच्या दाराशी. दाराच्या चौकटीवर उजव्या अंगाला पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत. सगळ्यात खालची मांडीच्या उंचीला, सगळ्यात वरची परवापरवापर्यंत माझ्या खांद्याच्या जरा वर होती.

"ही कप्तानाची लेक," मी सांगायचो. "दर वाढदिवसाला बाप तिला इथं पाठ टेकवून उभी करायचा, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचा आणि रेघ ओढायचा. सातव्या वर्षी बघा, दोन रेघा आहेत. वरची खोडलेली आहे. बाईसाहेबांनी टाचा उचलल्या होत्या. बापानं पकडलं."

लोक हमखास हसायचे. मग खाली वाकून ती खोडलेली रेघ बघायचे आणि फोटो काढायचे.

ती रेघ मी खोडली होती. कप्तानाला लेक होती की नाही हे मला कुठून माहीत असणार? ती लेक माझी.

तेव्हा घराचा मागचा भाग लोकांना दाखवत नसत. राखण करायची म्हणून आम्हाला मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या होत्या, आणि ते स्वयंपाकघर आमचं होतं. पोरगी वर्गात सगळ्यात ठेंगणी. मी तिला बुटके म्हणून हाक मारायचो आणि ती फणकारायची. त्या चौकटीचा तिला ध्यासच लागला होता. वाढदिवस चार महिन्यांवर असला तरी रोज सकाळी जाऊन पाठ टेकायची आणि आईला विचारायची, "वाढले का गं?" आई कणीक मळता मळता न बघताच सांगायची, "वाढलीस, वाढलीस. जा आता शाळेत."

शाळेतून आली की ती कप्तानाच्या जिन्यात बसून माझं बोलणं ऐकायची. माझे सगळे विनोद तिला पाठ होते. मी एखादा विसरलो तर जिन्यातून खाकरायची.

त्या दिवशी चारची खेप होती. लोक चांगले मिळाले होते, हसरे. मी दुर्बिणीपाशीच रेंगाळलो. खालून भोंगा वाजला तेव्हा अजून दोन खोल्या दाखवायच्या राहिल्या होत्या. मी जिन्याकडे बघून म्हणालो, "बुटके, पळ. कर्ण्याला सांग, पाच मिनिटं थांब म्हणावं."

ती पळाली. खाली बोटीचा दोर सुटला होता. कर्ण्या कर्ण्यातून बोलत होता, त्याला तिची हाक ऐकू गेली नाही. तिला वाटलं असणार, बाबांनी सांगितलंय, बोट थांबायलाच हवी. तिनं एक पाय बोटीच्या काठावर ठेवला. वळण घेण्यासाठी कर्ण्यानं बोट मागे घेतली, आणि ती बोट आणि दगडी धक्का यांच्या मधे सापडली. मी त्या वेळी वर माणसांना हसवत होतो.

नऊ वर्षांची होती. बायकोनं मला एकदाच विचारलं, "तिला खाली का पाठवलंत?" मी म्हणालो, "माणसं खोळंबली असती." तिनं मान हलवली. त्यानंतर हा विषय तिनं माझ्याकडे काढला नाही. जेवायला वाढायची, पाणी तापलंय म्हणून सांगायची, उशीर झाला तर विचारायची. बोलणं बंद नव्हतं. तेवढं एक सोडून सगळं बोलायची.

दोन महिन्यांनी घर चालवणाऱ्या संस्थेनं मागचा भागही लोकांना खुला करायचं ठरवलं. आम्हाला तिकीटघराच्या माडीवर खोली दिली. रंगारी आला. सकाळी मी गेलो तेव्हा त्यानं ब्रश डब्यात बुडवला होता आणि तो चौकटीपाशी उभा होता. "हात लावू नकोस," मी म्हणालो. "त्या खुणा जुन्या आहेत. कप्तानाच्या लेकीच्या."

आयुष्यात एवढी मोठी थाप मी मारली नव्हती आणि इतकी लवकर ती कुणाला पटलीही नव्हती. रंगाऱ्यानं चौकट सोडून रंग दिला. व्यवस्थापक तर हरखून गेला. त्यानं ती गोष्ट माहितीपत्रकात छापली.

पुढच्या वर्षी तिच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी लोकांना घेऊन चौकटीपाशी आलो तर नऊच्या जागी दहा रेघा होत्या. बायको त्या घरात झाडलोट करते. पलीकडच्या खोलीत ती कपाट पुसत होती. फडक्याचा आवाज थांबला होता.

"दहा वर्षांची होईपर्यंत कप्तानाची लेक इथं होती," मी म्हणालो.

फडकं पुन्हा फिरायला लागलं.

मग दर वर्षी तेच. अकरा. बारा. मी तिला एकेक वर्ष वाढवत गेलो. तेराव्या वर्षी तिला दुर्बिणीतून जहाजं ओळखायला शिकवलं. पंधराव्या वर्षी ती बापाशी भांडली. माहितीपत्रकाचा मजकूरही दर वर्षी मीच द्यायचो, व्यवस्थापक न वाचताच छापायचा. लोकांना काय, त्यांना दोनदा थोडंच यायचं असतं. कर्ण्याला एकट्याला कळलं होतं. तो घरात पाऊल टाकत नसे, पण बोटीत बसलेली माणसं गप्पा मारतात. तो मला काही म्हणाला नाही. आमच्या बोलण्यात न येता पोरगी वाढत होती. मला तर कधी कधी बरंही वाटायचं, हे मी लपवत नाही.

या वर्षी ती सोळा वर्षांची झाली, आणि महिन्याभरात तपासणीची बाई आली.

संस्थेला घर कप्तानाच्या काळात होतं तसं करायचं होतं. मूळचं तेवढं ठेवायचं, मागाहूनचं काढून टाकायचं. काय मूळचं आणि काय मागाहूनचं हे ती बाई ठरवणार होती. मध्यमवयीन, चष्म्याला दोरी, खिशात घडीची मोजपट्टी. पलंगाकडे तिनं नुसतं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. बायको स्वयंपाकघरातली खिडकी पुसत होती. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"ही मुलगी किती वर्षांची होईपर्यंत इथं होती?" बाईंनी विचारलं.

"सोळा."

बाईंनी पिशवीतून कागद काढले. आमचीच माहितीपत्रकं होती, वर्षावर्षाची. "सहा वर्षांपूर्वीच्यात दहा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढच्यात अकरा. गेल्या वर्षी पंधरा."

"छपाईची चूक असेल," मी म्हणालो. एरवी माझ्या जिभेवर काय काय येतं, पण त्या वेळी एवढंच आलं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. गुडघे टेकून बसल्या आणि एकेका रेघेमधलं अंतर मोजायला लागल्या. खूप वेळ लागला. मग बसूनच म्हणाल्या, "कप्तानाच्या मृत्युपत्रात सगळं पुतण्याला दिलंय. कप्तानाला मूलबाळ नव्हतं. पण इथं मूल होतं, हे नक्की. खालच्या नऊ रेघा बघा. एका वर्षी चार बोटं, एका वर्षी जेमतेम दीड. त्या वर्षी आजारी असेल. मुलं अशीच वाढतात. आणि ही खोडलेली. अशी रेघ कुणी मनानं काढत नाही." त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी वरच्या रेघांवर बोट ठेवलं. "या सात मात्र जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत. तीन बोटं, तीन बोटं, तीन बोटं. या रेघांखाली कुणी उभं नव्हतं."

खिडकीकडून बायको म्हणाली, "या वर्षीची दोनच बोटं आहे."

बाई वळल्या.

"पोरी सोळाव्या वर्षी थांबतात वाढायच्या," बायको सांगत होती. एखादं माप चुकलं म्हणून कुणी नावं ठेवावीत आणि आपण समजावून सांगावं, असा तिचा आवाज होता. "मी थांबले तशीच. माझ्या उंचीपर्यंत येईल असा हिशेब धरला होता. तिच्या बापाकडचे उंच आहेत, पण ती माझ्यावर गेली होती."

मग बायकोनं बाईंना सगळं सांगितलं. कुणाच्या रेघा, कुठल्या वर्षी गोवर झाला, कधी गेली. कशी गेली ते मात्र सांगितलं नाही. बाई ऐकत राहिल्या, चष्मा काढून पुसत राहिल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "खोटं मला लिहिता येणार नाही. मागाहूनचं म्हणून लिहिलं तर सगळी चौकट तासतील. एकच करता येईल. याच घरात राहिलेल्या मुलीच्या खुणा म्हणून नऊ रेघा ठेवायच्या. खाली पाटी लावायची. तिचं नाव, तिची वर्षं. पण वरच्या सात काढाव्या लागतील."

मी लगेच म्हणालो, "तासून टाका सगळी." मला ती पाटी डोळ्यांपुढे दिसत होती. नाव, आणि त्याच्यापुढे दोन सालं. दोन सालं वाचली की माणसं वजाबाकी करणार, आणि वजाबाकी झाली की विचारणार. मला ते नको होतं.

बायकोनं माझ्याकडे बघितलंच नाही. "पाटी लावा," ती बाईंना म्हणाली.

"लोक विचारतील," बाई हळूच म्हणाल्या. "काय झालं म्हणून."

"सांगतील की हे," बायको म्हणाली. फडक्याची घडी घालत होती. "दिवसातून चार वेळा. बोलायची हौस आहे ह्यांना."

सात वर्षं हे तिच्या पोटात होतं. ते वाक्य मी रोज आतल्या आत ऐकत होतो, म्हणून तिच्या तोंडून आलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी जिन्यात जाऊन बसलो.

वरच्या रेघा तिनंच काढल्या. सुतार आला होता, त्याच्या हातातून तिनं पॉलिशपेपर घेतला आणि एकेक रेघ घासली, वरून खाली. दहाव्या रेघेपाशी आल्यावर बराच वेळ घासत राहिली. रेघ केव्हाच गेली होती. सुतार माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. आता तिथं लाकूड फिकट दिसतं.

पाटी लागून तीन आठवडे झाले. मी लोकांना चौकटीपाशी आणतो. टाचांची गोष्ट सांगतो आणि लोक हसतात. ते हसू मी अजून गाळू शकलेलो नाही; ती गोष्ट खरी आहे आणि तिला ती आवडली असती. मग कुणीतरी पाटी वाचतं. हसणं एका कडेनं थांबत जातं. एखादी बाई तरी विचारतेच, "काय झालं होतं हो तिला?"

पलीकडच्या खोलीत फडक्याचा आवाज थांबतो.

"मी बोलत बसलो होतो," मी सांगतो. "उशीर झाला होता. मी तिला खाली पाठवलं, बोट थांबवायला." तिथून पुढचं सगळं सांगतो, धक्क्यापर्यंत. एक शब्द गाळत नाही. मधेच खालून भोंगा वाजतो, पण कुणी हलत नाही, आणि मीही त्यांना घाई करत नाही.

बोट थांबते. हल्ली कर्ण्या कितीही उशीर झाला तरी थांबतो.