सीटखालची गाठ

विम्याच्या धंद्यात गरजेपुरतं विचारावं, फॉर्म भरावा आणि निघावं, असं आमचे साहेब सांगत. मला ते कधी जमलं नाही. कुणी घराचा विमा मागितला तर मी आधी माळ्यावर चढून बघायचो. त्यामुळे १९५४च्या फेब्रुवारीत वसईजवळच्या वटार गावाहून चिठ्ठी आली, की घरी बनवलेल्या मोटारीचा विमा करायचा आहे, तेव्हा मी जेवणही विसरलो आणि सायकलवर टांग टाकली.

चिठ्ठी आल्बिनाबाईंची होती. त्यांचा नवरा मार्सेल बहरीनला तेलकंपनीत फिटर. मोटार त्याची, बनवलेलीही त्यानेच, असं चिठ्ठीत होतं. पानमळ्याच्या कडेला छपराखाली ती उभी होती. चौकट लढाईनंतर लिलावात निघालेल्या जीपची, इंजिन कुठल्याशा मोडक्या गाडीचं, दरवाजे फणसाच्या लाकडाचे. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. इतकी कुरूप आणि इतकी नीटनेटकी वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती.

छपराच्या खांबाला टेकून मार्सेलचे थोरले भाऊ डॉमनिक उभे होते. ते पान लावत होते आणि इंजिनाकडे बघत होते. कारण लगेच कळलं. ईस्टरनंतर विहिरीचं पाणी खोल जातं, एका बैलाला रहाट ओढवत नाही. मार्सेलनेच लिहिलं होतं, की ईस्टरपर्यंत कागद झाले नाहीत तर इंजिन काढून भावाला विहिरीवर बसवू द्यावं. डॉमनिक वाईट माणूस नव्हते. त्यांना पानवेली जगवायच्या होत्या.

खरी अडचण कागदांचीच होती. मोटार खातं म्हणतं, आधी विमा दाखवा. आमची कंपनी म्हणते, आधी गाडीचा नंबर दाखवा. यातून वाट एकच, चौकटीवर ठोकलेला नंबर लिहून तात्पुरता विमा द्यायचा. मी जमिनीवर आडवा झालो. जुना नंबर गंजून गेला होता. त्या जागी छिन्नीने एक खूण कोरलेली होती, क्रूस आणि खाली दोन रेघा.

ही कुणाची, मी विचारलं. आल्बिनाबाई म्हणाल्या, मार्सेलची. स्टेशनावर पानाच्या करंड्या जातात त्यांवर हीच खूण असते. कोरली कुणी, तर म्हणाल्या, मी.

आता माझी खोड जागी झाली. मार्सेल शेवटचा घरी आला होता पन्नास साली, तेव्हा इथे नुसती चौकट होती. मग दरवाजे? इंजिन? त्यांनी पत्र्याच्या पेटीतून पत्रांचा गठ्ठा आणला. मार्सेल चित्रं काढून पाठवायचा, त्या आणि व्हिन्सेंट लोहार तसं करून बघायचे. नाही जमलं तर दुसरं काही करायचे.

"म्हणजे गाडी तुम्ही बनवलीत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वावगंच बोललो. करंडी कुणीही भरो, खूण घरधन्याचीच, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मला राग आला. बहरीनला बसून चित्रं काढणाऱ्याचं नाव लागावं आणि चार वर्षं हात काळे करणारीने खूण कोरून द्यावी! पण फॉर्म त्यांचा होता. बनवणाऱ्याच्या रकान्यात मी मार्सेल लिहिलं आणि नंबराच्या जागी ती खूण काढली.

निघताना सवयीने सीट उचलली. खाली चौकटीला सुंभाची गाठ होती, तीन वेढ्यांची. तिने काहीच बांधलेलं नव्हतं. ही कशाला, विचारलं, तर आल्बिनाबाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, असू द्या, फ्रेडरिकभाऊ, ती बायकांची भानगड आहे.

पवित्र आठवड्याआधीच्या सोमवारी ठाण्याहून मोटार तपासणारे साहेब वसईला आले आणि माझ्या आग्रहाने वटारला. डॉमनिक इंजिन सोडवायला पाना घेऊनच उभे होते. साहेबांनी सगळं बारकाईने पाहिलं. माझ्या खुणेला ते हसले, पण चालेल म्हणाले. मार्सेलचं पत्र वाचून मालक परगावी असला तरी हरकत नाही, असंही म्हणाले. मग बनवणाऱ्याला बोलवा म्हणाले, सही समोर हवी. तो बहरीनला, सुट्टी दीड वर्षाने, असं मी सांगितलं. त्यांनी फॉर्म मिटला.

"कारखान्याची गाडी असती तर कारखान्याला विचारलं असतं," ते म्हणाले. "ही उद्या रस्त्यात मोडली, कुणाला लागलं, तर जाब कोण देणार?"

डॉमनिक एक पाऊल पुढे आले. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण ते मी सांगायचं नव्हतं. आल्बिनाबाईंनी एकदा मार्सेलच्या खुणेकडे पाहिलं. मग त्यांनी सीट उचलली आणि साहेबांना गाठ दाखवली.

त्या म्हणाल्या, "आमच्या घरात करंडी भरली की तळाशी जिची तिने गाठ मारायची. वर खूण घरधन्याची. पण पानं नासली तर वरची खूण कोणी बघत नाही, गाठ बघतात. ही माझी आहे. जाब मी देईन."

साहेबांनी विचारलं, ब्रेकचा गज वाकडा का. त्या म्हणाल्या, मार्सेलच्या चित्रात तो सरळ होता, पण खड्ड्यात आसाला घासायचा, म्हणून वाकवून घेतला. साहेब आणखी अर्धा तास विचारत राहिले आणि त्या सांगत राहिल्या. मला हेवा वाटला, कारण माझे सगळे प्रश्न तेच विचारत होते. शेवटी साहेबांनी बनवणाऱ्याच्या रकान्यातलं मार्सेलचं नाव खोडलं. आल्बिनाबाईंनी तिथे आपलं नाव लिहून सही केली.

डॉमनिक वाकून ती गाठ बघत होते. उभे राहिले आणि पाना गाडीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवला. रहाटाला दुसरा बैल बघावा लागेल, एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी आल्बिनाबाईंनी बहरीनला पत्र लिहिलं. नाव खोडल्याचं मार्सेलला कसं लागेल, या काळजीने त्यांचा ईस्टर गेला. मे महिन्यात मी नंबराची पाटी बघायला गेलो तेव्हा उत्तर आलं होतं. त्यांनी ते मला वाचायला दिलं. नावाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पहिल्यांदाच चित्रही नव्हतं. चित्राची जागा कोरी सोडून मार्सेलने खाली लिहिलं होतं, "गज कुठे आणि किती वाकवलास, ते इथे काढून पाठव."