पुलाच्या वरचं पाणी

या शहराचा इतिहास हवाय? नाक धरा.

आधी कातडी कमावण्याचा कारखाना आला, कारण इथं नदी होती. मग कापड रंगवण्याचा आला. मग कागदाचा. सगळ्यांना नदी हवी होती. ओकायला.

शहराचा स्वभाव? खिडक्या गच्च बंद करायच्या आणि घर नदीकाठी आहे म्हणून मिरवायचं.

मी पाणीतपासणी खात्यात. सोळा वर्षं नमुने भरतेय. नमुना घ्यायचा पुलाच्या वर, जिथं अजून एकही नाला मिळत नाही. आधीच्या बाईंनी तसंच शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. अहवाल: पाणी उत्तम. दर सोमवारी उत्तम.

पुलाखालच्या वस्तीत माझी ताई राहते. विहिरीच्या पाण्यावर तवंग. तिच्या धाकटीच्या पायांवर फोड, फुटतात, पुन्हा येतात.

"नळाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला," ताई म्हणाली. "पाणी उत्तम आहे म्हणे. तुमचा कागद दाखवतात. ये ना एकदा, तुझं उत्तम पाणी पाजते तुला."

म्हणून आज पुलाखाली उतरले. बाटली बुडवली. बुडेचना, वर साय होती. काठीनं बाजूला केली. आत केस आले, चरबीची गोळी आली, निळा फेस आला. बूच लावलं.

साहेबांनी बूच काढलं आणि खुर्चीसकट मागे सरकले.

"हे कसलं गटार आणलंस?"

"नदी आहे, साहेब."

"सोळा वर्षं काय माशा मारल्यास? नमुना कुठून घ्यायचा कळत नाही?"

त्यांनी बाटली मोरीत ओतली. मोरी कुठं जाते ते सांगायला नकोच.

पुन्हा पुलाच्या वर. नितळ पाणी, तळाचे खडे दिसत होते. त्याची जास्त किळस आली.

पाणी तपासून झालं. उत्तमच. अहवालात 'ठिकाण' असा रकाना आहे. आजवर सगळ्यांनी तिथं 'नदी' लिहिलं, मीसुद्धा. आज लिहिलं: पुलाच्या वर, सगळ्या नाल्यांच्या आधी. आणि त्याखाली: पुलाखालचा नमुनाही आणला होता, तो साहेबांनी मोरीत ओतला.

साहेबांनी सही केली. न वाचता, नेहमीसारखी. शिक्का मारला.

"बघ, मनात आणलं की जमतं."

"हो साहेब."

एक प्रत फाइलला. एक पर्समध्ये, ताईच्या चौथ्या अर्जाला जोडायला.

हात चारदा धुतले. वास जात नाही.