चुलीपाशी ठेवलेला भुऱ्या

मी एक जुना लाकडी बैल आहे, तान्ह्या पोळ्याचा. नाव भुऱ्या. सध्या चुलीपाशी सरपणावर आडवा पडलो आहे, म्हणून मित्रांनो, जरा घाईने सांगतो.

गडचिरोलीकडच्या एका गावात दसरू सुताराने मला सागाच्या खोडातून घडवलं. पायांना चाकं लावली, गळ्यात घुंगरू बांधलं. ज्या घरासाठी घडवलं, त्या घरची रंजीता तेव्हा रांगत होती. दात शिवशिवत होते तिचे. माझ्या पोटाला कडकडून चावली. ती खूण अजून आहे. पुढे दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला दोरीने ओढत घरोघर न्यायची आणि बोजारा मागायची. खाऊ हातावर ठेवत बाया म्हणायच्या, "काय झाक दिसते व तुह्या बैल!" मी लाकडाचा असून फुगायचो. बाकी वर्षभर देवघराचा कोपरा. तिची आई रंभाबाई सोमवार धरणारी. महादेवाच्या तीर्थाचे दोन थेंब माझ्यावर शिंपडल्याशिवाय तिने कधी उपास सोडला नाही.

यंदा कोपऱ्यात ओल आली. कुणी मला हलवून पाहिलं नाही, आणि वाळवीने माझे पाय पोखरले.

दसरूने मला उलटा केला. "वयनी, हा काई उभा राह्यत नाई आता. त्याच खोडाचा तुकडा हाय माह्याजवळ. असाच दुसरा करून देतो."

"पोरगी वळखन ना, भाऊ. रडन."

"पोरीचं काय घेऊन बसल्या! महादेवालेबी वळखू येनार नाई."

"त्याचं नाव मस्करीत नोको घेऊ," रंभाबाई हळूच म्हणाली.

दुसरा तयार झाला. तोच रंग, तोच तुटका कान, पोटावर तोच चावा. आज सकाळी रंजीता आंघोळीला गेली तेव्हा रंभाबाईने आम्हा दोघांना पाटावर ठेवलं. माझ्या कपाळाचं कुंकू बोटाने उचलून त्याच्या कपाळी लावलं. "महादेवा, यातला जीव त्यात जाऊ दे." डोळे भरले होते तिचे. माझं घुंगरू तिने त्याच्या गळ्यात बांधलं, मला नमस्कार केला आणि इथे आणून ठेवलं. पूजेतलं लाकूड उकिरड्यावर कसं टाकायचं? त्यापेक्षा नैवेद्याच्या चुलीत गेलेलं बरं, असं तिच्या मनाने घेतलं. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, मित्रांनो. तिला वाटतं, मी आता इथे नाही.

पण मी इथेच आहे हो!

रंजीता आली. तिने त्याचं पोट उलटून चाव्यावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता ओळखेल. "हाच हाय माह्या भुऱ्या!" म्हणत तिने त्याच्या पाठीवर गाल टेकवला.

माझ्या पाठीला काहीच लागलं नाही.

एकाच खोडाचे आम्ही, म्हणून त्याचं मन मला ऐकू आलं. तो सांगत होता, 'मी एक जुना लाकडी बैल आहे. रंजीता रांगत होती तेव्हा मला चावली...'

खोटं बोलत नाही तो. त्याला सगळं खरंच आठवतं. रंभाबाईचं मागणं महादेवाने ऐकलं. जीव तिकडे गेला. पण इकडचा इकडेही राहिला. दोघेही भुऱ्या असू आम्ही. जाळ मात्र माझ्याच पायांना लागेल, त्याला कळणारही नाही.

मित्रांनो, तशीच दुसरी मिळाली म्हणून जुन्या वस्तूवरून हात काढून घेऊ नका. आधी तिच्या पाठीवर तळहात ठेवा. थोडं थांबा.

रंजीते, एकदा इकडे बघ ग माय! घुंगरू त्याच्या गळ्यात आहे, तुला हाक तरी कशी मारू?

पुरणाचं पातेलं चढलं. रंभाबाई महादेवाचं नाव घेत काडी ओढते आहे.