उजवं मडगार्ड

एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी ताईनं बाळशी बोलणं टाकलं होतं, आणि बाळनंही काही ते उचलून घेतलं नव्हतं.

"आई, त्याला म्हणावं दिव्याची वायर पायातून काढ."

"बाळ, वायर काढ."

"आई, तिला म्हणावं मला डोळे आहेत."

"त्याला डोळे आहेत म्हणे," आई म्हणाली आणि सीटच्या कव्हरला टाके घालत राहिली.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. दाराशी आईचं स्टूल, मध्ये गाडी, मागच्या भिंतीला फळ्या. आत शिरलं की रेझिनचा वास असा नाकात बसायचा की घरी जाऊन साबण लावला तरी उतरायचा नाही. अप्पांच्या कपड्यांना तो जन्मभर होता. ताईच्या कपड्यांना विशीपासून होता. फायबरच्या गाड्यांचं काम करणारा त्या शहरात अप्पांशिवाय कुणी नव्हता, आणि अप्पांच्या हाताखाली ताईशिवाय कुणी टिकला नव्हता. बाळही लहानपणी शिकला होता. पण फायबरची कूस अंगाला टोचते म्हणून तो विमा विकायला गेला. अप्पा गेले आणि कारखाना मात्र बाळच्या नावावर निघाला. मुलगा ना तो! चाळिशीला टेकला होता, डोक्यावर चंद्र उगवला होता, तरी सगळ्यांचा बाळच.

ताईनं तेही गिळलं. म्हणाली, नाव कुणाचंही असो, हात माझे आहेत. पण बाळला गिऱ्हाइकांसाठी बसायची खोली हवी होती, आणि त्या जागेत अप्पांचे साचे रचलेले होते. अख्ख्या गाडीचे साचे, भाग भाग करून, अप्पांनी उमेदीत बनवलेले. एका सकाळी ताई आली तर साच्यांचे तुकडे अंगणात पडले होते. गाडीवाला अख्खे न्यायला तयार नव्हता म्हणून बाळनं ते घणानं फोडून घेतले होते.

"अगं, धूळ खात पडले होते," तो म्हणाला. "आता कोण विचारतं त्यांना?"

ते त्यांचं शेवटचं बोलणं.

आणि मग, कुणी विचारत नाही म्हणता म्हणता, मास्तर आले. मास्तर म्हणजे गाणं शिकवणारे, पहाडी आवाजाचे. त्यांची दोन माणसांची जुनी गाडी अख्खी फायबरची, अप्पांचे साचे होते तीच. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. दुधाच्या टेंपोनं तिचं पुढचं उजवं मडगार्ड चिरडलं होतं. फळीवर अप्पांच्या हातचं एक उजवं मडगार्ड उरलं होतं. एकच. ते बिघडलं तर दुसरं काढायला साचा नव्हता, आणि अप्पाही नव्हते.

त्या गाडीचं मडगार्ड बोल्टनं बसत नाही, चिकटवावं लागतं. ताईनं जुनं कापून काढलं होतं, कडा घासून, पुसून कोऱ्या केल्या होत्या. नवं दहादा लावून पाहिलं होतं. दाराच्या रेघेशी ते असं जुळत होतं की मधून नख फिरवावं. आता फक्त चिकटवायची पेस्ट कालवायची, कडांना लावायची, आणि दोघांनी दोन टोकं धरून बसवायचं. एरवी हात लावणारा रंगारी गावाला गेलेला, म्हणून दुसरं टोक बाळकडे.

अप्पांच्या कारखान्यात एक रीत होती. पेस्ट धरावी म्हणून तिच्यात हार्डनर टाकणाऱ्यानं मोठ्यानं ओरडायचं, "पडलं!" आणि शेडमधल्या प्रत्येकानं ओ द्यायची, "पडलं!" कारण हार्डनर दिसतो पाण्यासारखा, पडला की नाही ते डब्यात बघून कळत नाही, आणि दोनदा पडला तर पेस्ट तापून बघता बघता दगड होते. अप्पा घसा बसला असताना डबा बडवून सांगायचे, पण सांगायचे.

ताईनं हार्डनर मोजून टाकला, घोटला. मग दाराकडे पाठ असतानाच म्हणाली, "आई, पडलं गं. सांग त्याला." आणि मडगार्ड आवळून धरायचे शिकंजे आणायला मागच्या फळीकडे गेली.

आई स्टुलावर नव्हती. चहा उतू जाईल म्हणून पलीकडच्या खोलीत गेली होती.

बाळ फोन ठेवून आत आला. डब्यात काठी उभी, ओरडलेलं कुणी नाही. त्यानंही हार्डनर मोजून टाकला. त्याला शिकवलं होतं ना! आणि वर तोही, स्टुलाकडे न बघताच, म्हणाला, "आई, पडलं म्हणून सांग तिला." कॉम्प्रेसर धडधडत होता.

ताई परतली तेव्हा तो काठी फिरवत होता. तिला वाटलं, निदान घोटतोय तरी.

दोघांनी कडा भरल्या, मडगार्ड उचललं, टेकवलं. ताईनं पुढचं टोक जुळवलं. बाळचं मागचं टोक दाराच्या रेघेपासून बोटभर वर होतं. "आई, त्याला म्हणावं खाली घे," असं ती म्हणणार, तेवढ्यात तिच्या बोटांना चटका बसला. जमिनीवरच्या डब्यातून धूर निघत होता. पेस्ट उकळत होती.

तिला क्षणात कळलं.

"उचल!" ती किंचाळली. "उचल, सोडव ते!"

कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. बाळनं मान वळवून आईकडे पाहिलं. आई चहाचे कप घेऊन दारात नुकतीच आली होती. तिनंही नेमाप्रमाणे सांगितलं, "बाळ, ती म्हणतेय उचल."

तोवर ते धरलं होतं. अप्पांचं शेवटचं मडगार्ड, दारापाशी बोटभर वाकडं, दगडासारखं पक्कं.

"तू टाकलास?" ताईनं विचारलं.

"मग? तू ओरडली नाहीस!"

"मी आईला सांगितलं!"

"मीही आईलाच सांगितलं!"

"मी होते कुठं?" आई म्हणाली. तिनं कप इतक्या जोरात खाली ठेवले की एकाचा कान तुटला. "मेल्यांनो, मी काय तुमचा भोंगा आहे? एक बोलत नाही म्हणून आई, दुसरा बोलत नाही म्हणून आई! नवऱ्याचं काम डोळ्यांदेखत जाळलंत माझ्या. आता ओरडा. पोटभर ओरडा. मला काही सांगू नका."

ते ओरडलेच. बाळ म्हणाला, माझ्या कारखान्यात राहून माझ्याशीच अबोला, कुणी सहन केला असता? ताई म्हणाली, तुझा कारखाना? तुझ्या अंगाला फायबर टोचत होतं तेव्हा हा कुणाच्या खांद्यावर होता? साचे फोडताना हात कसा नाही झडला तुझा?

"साचे, साचे! जन्मभर तेच उगाळणार आहेस?"

"जन्मभर," ताई म्हणाली.

तेवढ्यात मास्तर आले. दारातूनच त्यांना वाकडी रेघ दिसली. बाळनं पटकन चेहरा पुसला, विम्याच्या दिवसांतलं हसू आणलं. "या, मास्तर. जरा गडबड झाली. मदतनीस माणसाकडून चूक होते हो कधी. मी बघून घेतो."

शेडमध्ये कुणी मदतनीस आहे का म्हणून मास्तर इकडेतिकडे पाहू लागले. मग त्यांची नजर ताईवर थांबली.

ताई एवढी शांत झाली की आईला भीती वाटली.

"हार्डनर मी टाकला," ती म्हणाली. "यानंही टाकला. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, म्हणून तुमचं मडगार्ड गेलं. मदतनीस इथं कुणी नाही. अप्पांच्या मागं हे काम मी करते. एकटी."

"ताई, गिऱ्हाइकासमोर—"

"गप्प बस."

तिनं चष्मा चढवला आणि ग्राइंडर उचलला. पेस्ट जळली होती म्हणून ठिसूळ झाली होती. तरी सुटता सुटता मडगार्डचे तुकडे झालेच. एकेक तुकडा काढून तिनं जुन्या चादरीवर मांडला. धुळीनं तिचे केस, भुवया पांढऱ्या झाल्या. कुणी मध्ये पडलं नाही. चादरीची गाठ मारून ती बाळसमोर उभी राहिली.

"साचे तू फोडलेस. हे तुकडे माझे. तुझ्या शेडमध्ये मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

"आणि गाडी?" बाळनं मास्तरांकडे पाहिलं. "गाडी मी दुसऱ्या कुणाकडून तरी—"

"गाडी ना?" मास्तर म्हणाले. "मडगार्ड जाईल तिकडे जाईल."

ताईनं पुलापलीकडे एक पडकं गॅरेज घेतलं. तुकडे जोडले, चिरा भरल्या, पालथ्या हातानं चाचपत महिनोन्‌महिने घासले, आणि त्या जोडलेल्या मडगार्डवरून नवा साचा काढला. साच्यातून निघालेलं मडगार्ड बसवायच्या दिवशी दुसरं टोक मास्तरांनीच धरलं. "पडलं!" अशी ओ त्यांनी दिली की समोरच्या घरातलं तान्हं रडायला लागलं. दाराची रेघ जुळली. ताई हसली नाही. तिनं फक्त कॉम्प्रेसर बंद केला.

मास्तरांनी गाडी पुढे बरीच वर्षं चालवली. दृष्टी गेली तेव्हा एका शिष्येला देऊन टाकली. ती गाडी घेऊन ताईकडे येत राहिली. आई बाळकडे राहायची, दर रविवारी पूल ओलांडून लेकीकडे जेवायची. पण इकडचा शब्द तिकडे तिनं पुन्हा नेला नाही. ती गेली तेव्हा दोघं तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभी होती, आणि बोलली डॉक्टरांशी.

बाळनं फायबर बंद करून टायर आणि बॅटऱ्या ठेवल्या. तशी जुनी गाडी घेऊन कुणी आलं तर सांगायचा, "पुलापलीकडे एक बाई आहे."

"तुमच्या बहीण ना?"

"बाई आहे," तो म्हणायचा.

एका दुपारी गल्ल्यावरच झटका येऊन तो गेला. निरोप आला तेव्हा ताई हात धुऊन निघाली. लोक पांगल्यावर बाळची बायको तिच्याजवळ येऊन बसली.

"ताई, ते नेहमी म्हणायचे, अप्पांचा हात खरा बहिणीतच उतरला."

"कुणाला म्हणायचे?"

"मला. घरात."

"मी पुलापलीकडे होते," ताई म्हणाली. "बस जाते तिथं."

ताई उठली नाही. शेजारी बाळचं कपाट होतं. त्याच्या दारावर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा एका कोपऱ्यात सुटला होता. ताई तो अंगठ्यानं दाबून धरत होती. हात काढला की तो पुन्हा उचलला जायचा, आणि ती पुन्हा दाबायची.