वारं लागू नये म्हणून

नवाब मिस्त्रीचं घर चाकांवर होतं आणि तीच गोष्ट त्याच्या विहिणीला मान्य नव्हती.

"पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला कबूल," ताहेराबी चाकणला आपल्या बांगड्यांच्या दुकानात बसून म्हणाली होती, "पण माहेर एका जागी उभं तर पाहिजे! आमच्या बरकतला बायकोला भेटायचं झालं, तर त्यानं आधी गावोगाव विचारत फिरायचं का, की बाबांनो, माझी सासुरवाडी इकडून गेली का?"

दुकानातल्या बायका हसल्या. झुलेखाही हसली. विहिणीच्या विनोदाला न हसण्याची सोय मुलीच्या आईला नसते. परत आल्यावर मात्र तिनं सगळं नवऱ्याला जसंच्या तसं ऐकवलं, वर दोनचार वाक्यं आपलीही घातली.

नवाबनं हातातला पाना पुसला, ठेवला, परत उचलला. "चाळीस दिवस," तो म्हणाला. "आपली नजमा इथंच राहील. गाडी अशी करतो की विहीणबाईंना स्वतःच्या घरात गार वाटायला लागेल."

लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा त्यानं ही घेतली होती. जखमी शिपाई वाहून न्यायची गाडी. बाजूच्या लाल फुलीवर त्यानं दोनदा हिरवा रंग मारला होता, पण ऊन पडलं की फुली रंगाखालून दिसायचीच. मागं दुहेरी दार, आत दोन्ही अंगांना झोपायच्या फळ्या, पुढं ड्रायव्हरच्या पाठीमागं परातीएवढी सरकती खिडकी, आणि छताला हवेसाठी दोन भोकं, वर पत्र्याच्या टोप्या. गावोगावच्या विहिरींवर तेव्हा तेलावरची इंजिनं बसायला लागली होती आणि बसली तशी बिघडायलाही लागली होती. जिथलं इंजिन बंद, तिथं नवाबची गाडी. लोक म्हणत, पिंपरीला कारखाने येतायत, चिंचवडला एखादी खोली धरा. पण खोल्या कारखान्यातल्या माणसांनाच पुरत नव्हत्या. शिवाय झुलेखाला आता खिडकीबाहेरचं गाव बदलत राहण्याची सवय झाली होती. शेजारीण भांडखोर निघाली तर निदान शेजार तरी बदलता यायचा.

त्या हिवाळ्यात गाडी चऱ्होलीला सोपानरावांच्या शेतात चिंचेखाली उभी होती. सोपानरावांच्या दोन्ही इंजिनांचं काम निघालं होतं, म्हणजे मुक्काम लांबणार होता. नवाब दिवसा इंजिन खोलायचा आणि संध्याकाळी गाडी.

आधी त्यानं पाण्याचं पाहिलं. फळीखालच्या डब्यातून हातपंपानं पाणी उपसावं लागे. त्यानं एक पिंप छतावर चढवून घट्ट बांधलं, तिथून नळी आत आणली आणि तिला पितळी तोटी बसवली. शेतमालकीण सोजराबाई बघायला आली. तिनं तोटी सोडली, बंद केली, परत सोडली.

"आगं बया! आमच्या वाड्यात न्हाई असलं, आन् ह्या डबड्यात हाय!"

"डबडं म्हणू नका वहिनी, त्यांना लागतं," झुलेखा म्हणाली.

मग त्यानं विजेची व्यवस्था बदलली. आतला दिवा जळत राहिला की सकाळी इंजिन सुरू व्हायचं नाही, म्हणून दिव्याला जुनी बॅटरी वेगळी जोडली आणि इंजिनाची बॅटरी त्याच्यापुरती ठेवली. एका अंगाची फळी काढून तिथं बाजलं बसवलं. बाजल्याखाली शेगडीसाठी पत्र्याचा कप्पा केला आणि तो तळाला बोल्टांनी आवळला, म्हणजे पाय लागून शेगडी कलंडायला नको.

राहिलं वारं. चऱ्होलीला नदीवरून येणारं वारं पत्र्याच्या फटीफटीतून आत शिरायचं, आणि बाळंतिणीला वारं लागणं म्हणजे काय हे सांगायला बायका रांगेनं येऊन गेल्या. सोजराबाईंच्या चुलत जावेचं तोंड वारं लागूनच वाकडं झालं होतं. सुईण शालनबाईला तर वारं लागून आयुष्याची माती झालेल्या बायकांची नावं गावांसकट पाठ होती.

"मिस्त्री, येक भोक ठेवू नगा," ती म्हणाली. "सुईच्या नेढ्याएवढं बी न्हाई."

नवाबला भोक बुजवायला शिकवायची गरजच नव्हती. उभा जन्म त्यानं इंजिनांची पॅकिंगं बसवली होती. गळती म्हणजे त्याला स्वतःचा अपमान वाटे. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यानं दाराच्या कडेनं रबर लावलं. रबर नीट दाबलं जावं म्हणून आतून एक दांडीचा खटका बसवला. दांडी खाली ओढली की दार असं आवळून बसे, की बाहेरून चौघांनी ओढलं तरी हलू नये. पुढच्या खिडकीवर जाड लोकरीचा नमदा घालून फळी ठोकली. झुलेखा पेटती उदबत्ती घेऊन कडेकडेनं फिरे. धूर वाकला की ती म्हणे, "इथं." तो तिथं लांबीचा लगदा भरे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं जोडीनं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. तिला ते दिवस आवडले.

"ह्यात आता पाणी भरलं तरी थेंब बाहेर यायचा नाही," तो म्हणाला.

"पाणी नका भरू. मुलगी ठेवायचीय."

नजमा आली, आणि थंडी ऐन भरात असताना गाडीतच बाळंत झाली. मुलगी. गोरी, केसाळ, रागीट. पहिले काही दिवस बरे गेले. बघायला येणाऱ्या बायकांची रीघ होती, दार सारखं उघडत होतं आणि नवाब दर वेळी बाहेरून ओरडत होता, "लावून घ्या, लावून घ्या!"

शेगडीचं सगळं झुलेखा स्वतः पाही. कोळसे बाहेर पेटवायची, धूर पार जाऊन ते लालभडक झाले की मगच आत न्यायची. धुरानं पोरीचे डोळे चुरचुरायला नकोत. बाजल्याखाली शेगडी, वर मायलेकी, दार बंद. पूर्वापार असंच चालत आलेलं. झुलेखाच्या वेळी तिच्या आईनं असंच केलं होतं. फक्त त्या घराला कौलं होती आणि कौलांतून आभाळ दिसायचं.

मग बघणाऱ्यांची रीघ संपली आणि नजमाचं डोकं दुखायला लागलं.

"अम्मा, डोकं जड झालंय. मळमळतंय."

"वारं शिरलं," सोजराबाई म्हणाली. "कुटनं तरी शिरतंय बघ अजून."

झुलेखानं उदबत्ती लावली. दारं ठीक. खिडकी ठीक. छताशी नेल्यावर धूर हलला, टोपीच्या दिशेनं ओढला गेला. "अहो, सापडलं!" ती ओरडली, चोर सापडल्यासारखी. नवाब त्याच पावली छतावर चढला. दोन्ही भोकांवर त्यानं पत्रा मारला, वरून डांबर फासलं. झुलेखानं पुन्हा उदबत्ती धरली. आता धूर सरळ उभा राहिला. दोघंही त्या सरळ धुराकडे समाधानानं बघत राहिली.

डोकेदुखी वाढली. सोजराबाईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. नजमाला फक्त सकाळी बरं वाटायचं, गोणपाटाच्या आडोशाला तिला बाहेर न्हायला नेलं की. त्यावरून सगळ्यांनी ठरवलं की तिला कढत पाणी मानवतंय. पाणी आणखी कढत झालं.

"अम्मा, जरा दार उघडं ठेव ना."

"चिल्ला संपू दे, चाळीस दिवस भरू दे. मग खुशाल उभी राहा वाऱ्यात, मी तुला धरायची नाही."

एके दिवशी जेवणं झाल्यावर झुलेखा दुपटी धुवायला विहिरीवर गेली. नवाब तिथंच सोपानरावांचं इंजिन जोडत होता. वारं बोचरं होतं, म्हणून जाताना तिनं शेगडी जरा जास्तच भरली होती. नजमानं आतून दांडी ओढलेली तिनं ऐकली होती.

थोड्या वेळानं बांधावरून ताहेराबी येताना दिसली. हातात लाडवांचा डबा, कपाळाला आठ्या. आळंदीपर्यंत एस.टी.नं आणि पुढं बैलगाडीनं, न कळवता आली होती. काडीसारखी बाई, पण चालणं फौजदाराचं.

"छान वळण लावलंय मुलीला!" ती लांबूनच सुरू झाली. "बांगड्या फुटतील एवढं दार वाजवलं मी. हाका मारल्या. राणीसाहेब उठल्या नाहीत. माहेरी आलं की सासू ऐकू येत नाही वाटतं!"

"झोप लागली असेल हो, विहीणबाई. बाळंतीणच ती," झुलेखा दुपटं पिळत म्हणाली. मग तिचे हात थांबले. "पोरगी रडली का?"

"कोण?"

"बाळ. तुम्ही दार वाजवलंत तेव्हा रडलं का?"

"नाही," ताहेराबी म्हणाली. "अजिबात नाही." आणि म्हणता म्हणताच तिचाही चेहरा बदलला. नुसता खोकला ऐकूनही जागं होणारं बाळ होतं ते.

झुलेखा पळाली. तिच्या मागून पाना हातात तसाच धरून नवाब.

त्यानं दार ओढलं. दार हललं नाही. त्यानं पहार घातली. रबर नुसतं दबलं आणि परत फुगलं. बिजागऱ्या चोरांच्या भीतीनं त्यानंच आतून बसवल्या होत्या. एकदा सबंध दारावरून हात फिरवून त्यानं कुठं कच्चं काम राहिलंय का ते पाहिलं. कुठंच राहिलं नव्हतं. झुलेखानं नवऱ्याला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रडत रडतच तो पुढच्या बाजूला धावला, ड्रायव्हरच्या जागेवर चढला आणि पाठीमागच्या फळीवर लाथा घालू लागला. फळी फुटली. आतली हवा त्याच्या तोंडावर आली, ऊबदार, वास नसलेली. त्यानं खांदा घातला. खांदा अडकला. झुलेखाच्या अंगाचा तर प्रश्नच नव्हता.

"सरका," ताहेराबी म्हणाली. पदर खोचला आणि डोकं पुढं घालून त्या फुटक्या खिडकीतून ती विहीणबाईंच्या एका जागी उभ्या न राहणाऱ्या घरात शिरली. फळीच्या ढलपीनं तिचा दंड फाटला. आतून खोकल्याचा आवाज, मग खटक्याचा. दार उघडलं तेव्हा बाळ तिच्या हातात होतं आणि त्याची मान मागं पडली होती.

नजमाला दोघांनी ओढून मातीत निजवलं. तिचे गाल लाल होते, गुलाबी लाल. एवढे दिवस फिकट दिसणारी पोर कशी टवटवीत दिसत होती. झुलेखा तिचे गाल चापटत होती, नाव घेत होती. नजमानं ओकारी काढली, एक मोठा श्वास घेतला आणि कण्हली. ताहेराबी बाळाला उघड्या वाऱ्यात आडवं धरून त्याच्या पाठीवर तळवा चोळत होती, तोंडात फुंकर घालत होती, मध्येच त्याला शिव्याही देत होती. मग कधीतरी बाळानं तोंड वाकडं केलं. आवाज आला, पण मांजराच्या पिलासारखा. पहिल्यासारखा रागीट नाही.

"पुण्याला," नवाब म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात."

इंजिन एका दमात सुरू झालं. तेवढी बॅटरी त्यानं वेगळी ठेवली होती म्हणून. सोपानरावांनी शेगडी ओढून बांधावर फेकली. मागची दोन्ही दारं दोरानं उघडी बांधली आणि बायका आत बसल्या. गाडी हलली तशी सोजराबाई गोधडी घेऊन मागं धावत सुटली.

"आगं, ती दारं तरी लावा! वारं लागंल लेकराला!"

"लागू दे!" झुलेखा ओरडली.

दिघीच्या माळावरून थंडगार वारं गाडीत घुसत होतं. नजमा आईच्या मांडीवर डोकं ठेवून तोंड उघडून ते पीत होती.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई रागावली नाही, त्याचंच नवाबला जास्त लागलं. कोळशाला धूर नसला तरी त्याची हवा विषारी असते, ती कोंडली की माणूस झोपेतच जातो, एवढं तिनं सांगितलं. आई वाचली. बाळाचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही. हसायला कधी लागते, मान कधी धरते, आवाजाकडे वळते का, ते बघत राहायचं.

"बघत राहायचं," नवाब म्हणाला. "म्हणजे दुरुस्तीला काहीच नाही?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली.

घरी सोडायच्या दिवशी नजमा कुठं जाणार हे कुणी विचारलं नाही. ताहेराबीनं चाकणच्या एस.टी.पर्यंत टांगा सांगितला होता. दंडाला पट्टी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आपणहून सांगत होती, कपाटावरून पडले म्हणून. चाकणच्या बाजारात खरी गोष्ट एका दिवसात फिरली असती आणि मुलीच्या बापाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. झुलेखाला ते कळत होतं. बाईनं एवढं केलं नसतं तर तिच्याशी भांडायला तरी आलं असतं, असं तिला वाटून गेलं.

नवाब टांग्याशी उभा होता. नजमानं त्याचा हात धरला. "अब्बा, तुम्ही या." त्यानं मुलीकडे पाहिलं नाही. बाळाकडे पाहत होता. बाळ कुठंच पाहत नव्हतं.

"विहीणबाई," तो म्हणाला, "अधूनमधून आलो तर चालेल? ओसरीत बसेन. आत नाही येणार. तुमच्या माजघराच्या खिडकीची झडप नीट लागत नाही, मागं पाहिली होती मी. तेवढी..."

त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि तो थांबला.

ताहेराबीनं बाळ या हातातून त्या हातात घेतलं. तिच्या जिभेवर काय काय आलं असेल, ते झुलेखानं मनातल्या मनात सगळं ऐकलं.

"रोज या," ताहेराबी म्हणाली. "पण हत्यारं गाडीत ठेवून या."

तो रोज गेला. ओसरीत भिंतीला टेकून बसायचा, रिकामे हात मांडीवर. बाळ आणून कुणी त्याच्या हातांत दिलं की तो हळूच जीभ टाळूला लावून टक् करायचा, आधी एका कानाशी, मग दुसऱ्या कानाशी, आणि वाट बघायचा.